ऑल्विनच्या गुडघ्याची चौकशी

इनास यायच्या आत मीच सांगून टाकतो. तो आला की त्याच्या पद्धतीने सांगेल, आणि त्यात मी होतो त्याहून जास्त मूर्ख दिसेन. तेवढी गरज नाही. होतो तेवढा पुरेसा आहे.

माझी सवय तर तुम्हाला माहीतच आहे. उन्हाळ्यात लोक आंबे, लग्नं आणि पाण्याचे टँकर यांत गुंतलेले असतात. मी गुंतलेला असतो खेळांच्या बातम्यांत. सामने संपत आलेले असतात, आणि खरी मजा तेव्हाच सुरू होते. इंग्लंडात कोण कुठल्या क्लबात चाललाय, स्पेनवाले कुणाच्या मागे लागलेत, अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये कुणाची कुणाशी अदलाबदल झाली, आपल्याकडच्या कबड्डीच्या लिलावात कुणाला ठेवणार, कुणाला सोडणार. बर्फावरच्या हॉकीबद्दलही मला मतं आहेत. बर्फ मी आयुष्यात फक्त मासळीच्या टोपलीत पाहिलाय. पण मत असायला काय लागतं?

आणि मतं साधी नाहीत हो, विचार करून बनवलेली आहेत. तिशी ओलांडलेल्या खेळाडूला लांबलचक करार देणाऱ्या क्लबची मला कीव येते. अमेरिकेत सगळ्यात वाईट खेळलेल्या संघाला नव्या पोरांमधली पहिली निवड मिळते, ते मात्र मला फार आवडतं. हरलेल्याच्या ताटात आधी वाढतात, असं जगात आणखी कुठे होतं?

पण त्याच अमेरिकेत खेळाडूला न विचारता दुसऱ्या शहरात पाठवून देतात. माणूस सकाळी पोराला शाळेत सोडून घरी येतो, तोवर फोनवर कळतं की आपण आता दुसऱ्याच संघात. हे मला कधीच पटलेलं नाही. माणूस आहे तो, मिरचीचं रोप नाही, इकडून उपटून तिकडे लावायला. हे मी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात बोललोय, माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवर बोललोय, न्हाव्याच्या खुर्चीत गळ्याशी वस्तरा असताना बोललोय.

घरी ऐकायला दोघी. बायको मार्था आणि मुलगी स्नेहल. मार्थाने ऐकणं कधीच सोडलंय. स्नेहल ऑफिसातून थकून येते, जेवताना समोर बसते, मधेच म्हणते, "पप्पा, एक सांगायचं होतं." मी फोनमधून मान वर न काढता म्हणतो, "एक मिनिट." माझं एक मिनिट केवढं असतं ते मार्थाला विचारा.

तर आमच्याकडे दर मे महिन्याच्या शेवटी, पाऊस लागायच्या आत, चर्चच्या मैदानात गावागावांची फुटबॉल स्पर्धा असते. जगभरच्या क्लबांना सल्ला देणारा मी, आमच्या गावच्या संघाचा मॅनेजर आहे. नेमलं कुणी? कुणी नाही. पण काढलंही कुणी नाही.

या वर्षी आमचा गोल मारणारा एकमेव पोरगा नोकरीला कॅनडात गेला. उरले दहा जण, सगळे एकमेकांना पास देणारे. आणि खाडीकडच्या गावात ऑल्विन नावाचा मुलगा. काय पळतो म्हणून सांगू. बॉल त्याच्या पायाला चिकटलेला असतो.

स्पर्धेचा नियम असा, की तुम्ही आपल्या गावाकडूनच खेळायचं. बाहेरचा माणूस चालत नाही. पण एक सवलत आहे. आईचं माहेर ज्या गावचं, त्या गावाकडूनही खेळता येतं. आता ऑल्विनची आई एस्तेर कुठली? आमच्या गावची. मला हे आठवलं तेव्हा मी अंगणात केळीचे कोंब काढत होतो. कोयता तिथेच टाकला.

म्हटलं, हे काम रीतसर करायचं. मोठे क्लब करतात तसं. खेळाडूच्या घरी जायचं, वडिलांशी बोलायचं, आणखी कोण मागावर आहे ते काढून घ्यायचं, दुखापतींची चौकशी करायची. रविवारी आम्ही एका लग्नाला गेलोच होतो. तिथून परस्पर निघालो. माझ्या अंगात कोट, मार्थाच्या अंगावर भारी साडी. मार्थाला म्हटलं, एस्तेरकडे जाऊन येऊ, तुझी लहानपणची ओळखीची आहे. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून वाटेत आमच्या वाडीतला केळ्यांचा घड रिक्षात टाकला. आणि संघाचा सेक्रेटरी म्हणून इनासला घेतलं.

इथे माझं चुकलं. इनास आमच्या संघाचा सेक्रेटरी आहे खरा, पण तो महिनाभर. उरलेलं वर्ष तो लग्नं जुळवतो. आमच्या भागात निम्म्या जोडप्यांच्या घरून त्याला नाताळला केक जातो, आणि उरलेल्या निम्म्यांच्या घरी त्याचं नाव काढलेलं चालत नाही.

आता तुम्हीच बघा. मे महिन्यातला रविवार. कोट घातलेला बाप, भारी साडीतली आई, केळ्यांचा घड, आणि मधे इनास. तरुण पोराच्या दारात अशी माणसं उभी राहिली तर आमच्याकडे त्याचा अर्थ शेंबड्या पोरालासुद्धा सांगावा लागत नाही. सगळ्या गावात तो मला एकट्यालाच कळला नव्हता, कारण माझ्या डोक्यात ऑल्विनचा डावा पाय होता.

ऑल्विनचा बाप पास्कू होडीवरचा माणूस, तोंडातून शब्द मोजून काढणारा. आम्हाला बघून त्याने घाईघाईने शर्ट चढवला आणि आत हाक दिली, "एस्तेर, पानी आन." ऑल्विन घरी नव्हता. मार्था एस्तेरबरोबर स्वयंपाकघरात गेली. इनास लग्नाचं जेवण जेवून आलेला, पंख्याखाली बसल्याबरोबर पेंगायला लागला. राहिलो मी आणि पास्कू.

मी सरळ मुद्द्याला हात घातला. म्हटलं, तुमचा ऑल्विन आम्हाला हवाय. पास्कूने एकदा केळ्यांकडे बघितलं, एकदा इनासकडे, आणि हळूच मान हलवली. मी विचारलं, आणखी कुणी विचारून गेलंय का? तो म्हणाला, दोन ठिकाणचे आलेले. म्हणजे दुसऱ्या गावांच्याही लक्षात आलं तर! मी लगेच सांगून टाकलं, त्यांना काय सांगायचं ते सांगा, पण आमच्याकडे पोराची कदर होईल, सगळा गाव त्याला डोक्यावर घेईल. पास्कूच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

मग मी वैद्यकीय चौकशीवर आलो.

"नाताळच्या सुमारास पडला होता ना तो? गुडघ्याचा एक्स-रे काढलाय का?"

"एक्स-रे?" पास्कू म्हणाला.

"दाखवलात तर बरं. मागाहून काही निघायला नको."

पास्कूने शर्टाचं वरचं बटण लावलं.

"आनि कधी म्हनता?" त्याने विचारलं.

"महिनाअखेर. पाऊस लागायच्या आत उरकलं पाहिजे."

"येवढी घाई?"

"नाइलाज आहे हो आमचा," मी म्हटलं. "थांबून चालण्यासारखं नाही."

तुम्ही म्हणाल, या सगळ्यात फुटबॉल हा शब्द एकदाही कसा आला नाही? अहो, डोक्यात फुटबॉलशिवाय दुसरं काही असतं तर तो शब्द वेगळा काढला असता. टोपली घेऊन दारात आलेली कोळीण 'मी मासे विकते' असं सांगते का?

घरी येताना मी खुशीत होतो. मार्था म्हणाली, एस्तेर स्नेहलबद्दल फार विचारत होती, काय शिकली, कुठे नोकरी करते, स्वयंपाक येतो का. मी म्हटलं, बायकांचं आपलं काहीतरी चालूच असतं. इनास रिक्षात पुन्हा झोपला होता.

दोन दिवसांत गावातली हवा बदलली. माझ्याशी लोक हळू आवाजात बोलू लागले. मला वाटलं, मोठा खेळाडू आणतोय म्हणून मान वाढलाय. बँडवाला रस्त्यात भेटला. म्हणाला, महिनाअखेरच्या तारखा भरल्यात, पण तुमच्यासाठी काहीतरी जुळवतो. मी म्हटलं, बँड तर पाहिजेच, मिरवणूक काढायची आहे. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मनात म्हणत होता, माणूस संकटातही किती धीराचा आहे.

शेजारची रेमेत कैरीच्या लोणच्याची बरणी घेऊन आली. मार्थाच्या हातात देताना डोळे पुसत म्हणाली, स्नेहलसाठी आणलंय, तिला आता आंबट खावंसं वाटेल. मार्था बरणी हातात धरून दारातच उभी राहिली. लोणचं मी खाल्लं. स्पेनमधून एक चांगली बातमी आली होती, तिच्यासोबत छान लागलं.

मार्थाला तेव्हाच शंका आली होती, पण ती मला काही बोलली नाही. सांगून उपयोग काय, असं तिचं म्हणणं.

शेवटी फादरांनी बोलावून घेतलं. संध्याकाळच्या मिस्सानंतर मला बाकावर बसवलं आणि फार प्रेमाने बोलायला सुरुवात केली. म्हणाले, लग्नाच्या आधी तीन रविवार दोघांची नावं चर्चमध्ये जाहीर करावी लागतात, हे तुम्हाला माहीत आहे. महिनाअखेर म्हणजे ते बसत नाही. खास परवानगी काढता येते, पण मला कारण लिहावं लागेल. आणि मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही खचून जाऊ नका. मूल ही देवाचीच देणगी असते."

"कुणाचं मूल, फादर?" मी विचारलं.

तो प्रश्न विचारता विचारताच मला कोट दिसला, साडी दिसली, इनास दिसला, केळी दिसली. लोणचं दिसलं. पास्कूला मी काय काय बोललो ते सगळं एकामागून एक कानात वाजायला लागलं. उन्हाळ्याचे दिवस, पण मला थंडी वाजली.

घरी गेलो तेव्हा स्नेहल ओट्यावर बसली होती. पायात अजून ऑफिसच्याच चपला. मार्था तिच्या शेजारी. दोघींकडे बघून कळलं की मला नवीन काही सांगायचं उरलेलं नाही. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो, तुमच्यासाठी सरळ मराठीत सांगतो.

"आज ऑफिसात एकीने उठून मला तिची खुर्ची दिली," स्नेहल म्हणाली. "जिने चढू नकोस म्हणाली. ती आपल्याच गावची आहे."

मी बोलायला लागलो. आईच्या माहेराचा नियम सांगितला. कॅनडाला गेलेला पोरगा सांगितला. गुडघ्याचं सांगितलं, पावसाचं सांगितलं. मला वाटत होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, जसं ती माझं सगळंच इतकी वर्षं ऐकत आलीय.

मग म्हणाली, "पप्पा, मी वर्षभर तुमच्याशी बोलायला वेळ शोधतेय. तुम्ही म्हणालात, क्लबांची खेळाडू घ्यायची ट्रान्सफर विंडो बंद होऊ दे. ती बंद झाली तर लिलाव आला. लिलाव झाला तर अमेरिकेचं सुरू झालं. तुमचं सगळीकडचं बंद असतं असा एक दिवस मला सांगा, मी त्या दिवशी रजा काढते."

खरंच वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. इतक्या दिवसांचं तिचं ते "एक सांगायचं होतं" माझ्या पानाशेजारी तसंच पडून राहिलं होतं. मी फोन बंद केला आणि मार्थाकडे दिला. म्हटलं, सांग.

तिने सांगितलं. मुलाचं नाव महेश. तिच्याच ऑफिसात असतो. नालासोपाऱ्याला आईबरोबर राहतो, वडील नाहीत. "तो हिंदू आहे," ती म्हणाली, "घरात एकटाच कमावता आहे, आणि खेळ बघत नाही."

"कुठलाच?" मी विचारलं.

बघा, एवढं सगळं झाल्यावर माझ्या तोंडातून पहिला प्रश्न हा निघाला. मार्था उठून आत निघून गेली. स्नेहलने कपाळाला हात लावला, पण हाताखाली ती हसत होती, असं मला तरी वाटलं.

धर्माचं काय करायचं, फादरांशी कसं बोलायचं, ते मायलेकींनी आधीच ठरवून ठेवलं होतं. मार्थाला वर्षभर माहीत होतं. तिच्या बहिणीला माहीत होतं. महेशला आमच्या घरातलं माझं सगळं वेळापत्रक पाठ होतं, कुठल्या बातमीच्या वेळी फोन करायचा नाही इथपर्यंत. फक्त मी एकटा बाहेर होतो, आणि मला कुणी बाहेर काढलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पास्कूकडे माफी मागायला निघणार, तेवढ्यात इनास तिकडूनच स्कूटरवरून आला.

"नकार आहे," तो म्हणाला.

"कशाचा नकार? आपण मागणी घातलीच नव्हती. तू सांगितलं नाहीस?"

"सगळं सांगितलं. तरी नकार आहे. पास्कू म्हणतो, मुलगी सोन्यासारखी असेल, पण बाप पहिल्याच दिवशी एक्स-रे मागतो. पुढे काय काय मागेल कुणास ठाऊक."

म्हणजे न मागितलेल्या स्थळाचा नकार आला, तोही मुलीमुळे नव्हे, माझ्यामुळे. स्नेहलला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ पोट धरून हसली.

मग ऑल्विन स्वतः येऊन गेला. गुणी पोरगा. दारातच उभा राहून म्हणाला, "काका, तुम्ही मला विचारायचं होतंत. आजोळकडून खेळायची माझी किती वर्षांची इच्छा होती. मी तर आपणहूनच येणार होतो. पण आता तुमच्या गावची जर्सी घातली की सगळे म्हणणार, लग्न ठरलं." त्याला बस म्हटलं, तर तेही त्याने टाळलं. आमच्या घरात बसला असं कुणी पाहिलं तर पंचाईत.

सामन्याच्याच रविवारी महेश आणि त्याची आई घरी येणार होते. मार्थाने मला विचारलं, मैदानात जायचंय का? जायचं होतं. समोर ऑल्विनचंच गाव होतं. पण मी घरी थांबलो. कोट घातला नाही. चर्चच्या मैदानातून आरडाओरडा ऐकू यायचा तेव्हा मी खुर्चीचे हात घट्ट धरायचो आणि महेशला विचारायचो, आणखी काय. मागाहून कळलं, आम्ही दोन गोलांनी हरलो, दोन्ही ऑल्विनचे. गुडघा ठणठणीत होता.

महेश चांगला वाटला. कमी बोलतो, समोरच्याचं पूर्ण ऐकतो. स्नेहल बोलायला लागली की हातातला कप खाली ठेवतो. हे मी बघितलं आणि मनात ठेवलं. त्याची आई नालासोपाऱ्यात डबे पुरवते. मनात येईल ते बोलणारी बाई. मार्थाचं आणि तिचं पाच मिनिटांत जमलं. मार्थाने चहा आणला, सगळ्यांना दिला, आणि ती बाई माझ्याकडे वळली.

"भाऊ, तुमच्या मुलीबद्दल सांगा ना काही. ती स्वतःबद्दल बोलतच नाही."

मी ठरवलं होतं, आज खेळाचा एक शब्द काढायचा नाही. काढलाही नाही. पण मुलीबद्दल कसं बोलतात? मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. तोंडात जी भाषा होती तीच बाहेर आली.

"फिटनेस उत्तम आहे," मी म्हटलं. "सहसा रजा घेत नाही. दडपण आलं की डोकं शांत ठेवते. समोरच्याने कितीही चूक केली तरी लगेच अंगावर जात नाही, वेळ बघते. आणि ज्यांच्याबरोबर असते ना, त्यांचा खेळ सुधारतो."

मार्थाने डोळे मिटले. महेश जमिनीकडे बघत होता. स्नेहल मात्र माझ्याकडेच बघत होती.

महेशच्या आईने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एवढी चांगली आहे, तर तुम्ही तिला सोडता कशाला?"

ती चेष्टा करत होती की खरंच विचारत होती, मला अजून कळलेलं नाही. सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी उठलो, म्हटलं, चहा झाला का बघतो, आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. चहा कधीच झाला होता. माझा भरलेला कप माझ्याच हातात होता.